पुस्तकाची कडी : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर

तीन पिशव्या, तिन्हींवर तेच प्रश्नचिन्ह. यॉर्कच्या आसपास मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणारी हौशी मंडळी सापडलेल्या वस्तू नोंदणीसाठी आणून देतात. त्यांचे फोटो काढायचं काम मी स्वयंसेवक म्हणून करते. बहुतेक वस्तू ओळखायला वेळ लागत नाही: नाणी, बकलं, अंगठ्यांचे तुकडे, जुन्या बंदुकांच्या शिशाच्या गोळ्या. या तिघी मात्र उन्हाळ्यापासून 'पुस्तकाची कडी किंवा कमरपट्ट्याचं टोक' अशा चिठ्ठीसकट पडून आहेत. पुस्तकाची कडी म्हणजे जुनं पुस्तक मिटून आवळून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या टोकाचा धातूचा तुकडा.

अ: चपटी पट्टी, एका टोकाला रुंद होत गेलेली, दुसऱ्या टोकाला वाकवून केलेला हुक. वर बारीक वर्तुळं आणि मध्ये ठिपका अशी नक्षी. दोन रिवेट शाबूत, मागची पट्टी गेलेली.

ब: जिभेच्या आकाराच्या दोन पट्ट्या, मध्ये काळं पडलेलं कातडं अजून चिकटून. हुक नाही, भोक नाही.

क: अरुंद, मागचं टोक तुटलेलं. पुढच्या टोकाजवळ एक गोल भोक.

तिन्ही तांब्याच्या मिश्रधातूच्या. पितळ की कांसं हे रासायनिक तपासणीशिवाय लिहायचं नाही, असा नोंदणीतला दंडक आहे आणि तो योग्यच आहे. हिरवा थर चढलेल्या तुकड्याकडे बघून 'पितळ' म्हणणं म्हणजे निव्वळ अंदाज.

कॅटलॉगमधल्या चित्रांशी ताडून बघणं झालं. दोन जाणकारांनी दोन मतं दिली. मला पुस्तकबांधणीची हौस आहे, घरी साधनं आहेत. म्हणून उलट्या बाजूने जायचं ठरवलं: लाकडी फळ्यांचं, चर्मपत्राच्या पानांचं एक छोटं पुस्तक बांधायचं, त्याला अशाच कड्या लावायच्या, हिवाळाभर ते उघडायचं आणि मिटायचं, आणि मग भिंगाखाली बघायचं की धातू कुठे झिजतो.

२१ सप्टेंबर

आधी हे स्पष्ट करून घेते की कडी लागतेच कशाला. बरेच जण ती शोभेची समजतात. तशी ती दिसतेही.

चर्मपत्र म्हणजे वासराचं, मेंढीचं किंवा बकरीचं कातडं. ते कमावलेलं नसतं. चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस काढून, चौकटीवर ताणून वाळवलेलं असतं. हवेत ओल वाढली की ते ती ओढून घेतं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. आणि आकसताना ते सपाट राहत नाही. कातड्याच्या प्रत्येक भागात तंतूंची दिशा वेगळी, त्यामुळे पान हवं तसं वळतं, जनावराच्या अंगावर होतं तसा बाक पुन्हा धरू बघतं. अशी दोनशे पानं एकावर एक रचली की पुस्तक आपोआप पंख्यासारखं उघडायला लागतं. फटीतून धूळ, ओल आणि कीड आत जाते. म्हणून वर-खाली जाड लाकडी फळ्या घालायच्या आणि त्या पट्ट्याने आवळून ठेवायच्या. आपल्याकडे पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून बासनात करकचून बांधतात, त्यातला हेतू फार वेगळा नाही. फरक एवढाच की तिथे गाठ होती, इथे धातू आला.

म्हणजे कडी हा पुस्तकाचा काम करणारा भाग आहे. तिच्यावर सतत ताण असतो. हाच माझ्या प्रकल्पाचा आधार: ज्या धातूवर शंभर वर्षं ताण होता, त्यावर त्या ताणाची खूण असणार.

सगळ्याच पुस्तकांना कडी नसे, हेही लिहून ठेवते. सेंट कथबर्ट गॉस्पेल हे मूळ बांधणी शाबूत असलेलं युरोपातलं सर्वात जुनं पुस्तक आठव्या शतकाच्या सुरुवातीचं. अवघं १३८ बाय ९२ मिलिमीटर, आणि त्यावर धातूचा कणही नाही. उलट लिंडिस्फार्न गॉस्पेल्सच्या मूळ आवरणावर बिलफ्रिथ नावाच्या एकांतवासी साधूने सोन्याचं आणि रत्नांचं काम केलं होतं, असं त्याच ग्रंथातल्या दहाव्या शतकातल्या टिपेत लिहिलंय. ते आवरण गेलं. आज दिसतं ते एकोणिसाव्या शतकातलं.

२ ऑक्टोबर

खरेदी. चर्मपत्र न्यूपोर्ट पॅग्नेलच्या विल्यम काउलीकडचं. १८७० पासून हेच काम करणारी मंडळी. पूर्ण कातडी परवडण्यातली नाहीत, म्हणून कापून उरलेले लहान तुकडे घेतले. पुस्तक तळहातापेक्षा थोडं मोठं होईल, चालेल. फळ्यांसाठी ओक, कारण इंग्लंडमधल्या बांधणीत बहुधा तोच. जर्मनी आणि इटलीत बीचचं लाकूड जास्त. पट्ट्यासाठी तुरटीने कमावलेलं पांढरं कातडं. ते मऊ असतं, ओढलं तर फार लांबत नाही, आणि शतकानुशतकं टिकतं. साध्या झाडाच्या सालीत कमावलेल्या तांबूस कातड्याचा भुगा होतो, तसं याचं होत नाही.

५ ऑक्टोबर

शेतावरचा दिवस. पीक निघालंय, नवी पेरणी व्हायचीय, म्हणजे डिटेक्टरवाल्यांचा हंगाम. मी फक्त वही घेऊन गेले होते. शेत कुठलं ते इथे लिहीत नाही. रात्री अंधारात चोरून येणारे लोक अशाच माहितीच्या शोधात असतात. सरकारी नोंदवहीतही सर्वसामान्य वाचकाला जागा चौरस किलोमीटरपर्यंतच दाखवतात, त्याहून नेमकी नाही.

ही नोंदवही म्हणजे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम. १९९७ साली काही जिल्ह्यांत सुरू झाली, २००३ पर्यंत सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये पसरली. ब्रिटिश म्युझियम आणि वेल्सचं राष्ट्रीय संग्रहालय मिळून चालवतात. नोंदलेल्या वस्तू पंधरा लाखांच्या वर गेल्यात, आणि त्यातल्या बहुतेक पुरातत्त्वज्ञांनी नव्हे, हौशी लोकांनी शोधलेल्या. भारतात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे शेतात नांगराला हंडा लागला तर तहसीलदार आणि पोलीस पाटील आधी आठवतात. इथे जमीनमालकाची परवानगी असेल आणि ती जागा संरक्षित स्मारक नसेल, तर डिटेक्टर फिरवायला कायद्याची आडकाठी नाही.

आणि इथेच पुस्तकाच्या कडीची अडचण आहे. १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी, निदान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू कळवणं सक्तीचं. २०२३ मध्ये त्यात विशेष महत्त्वाच्या, दोनशे वर्षांहून जुन्या इतर धातूंच्या वस्तूंची भर पडली. पण तांब्याच्या मिश्रधातूची साधी कडी यातल्या कशातच बसत नाही. ती कळवायची की डब्यात टाकून विसरायची, हे सापडवणाऱ्याच्या मर्जीवर. आज जे गृहस्थ बरोबर होते ते कळवणाऱ्यांपैकी. बीप आला की मातीचं ढेकूळ उचलतात, वस्तू हातात घेण्याआधी जीपीएसचा आकडा टिपतात. नकाशाचा सहा आकडी संदर्भ शंभर मीटरचा चौकोन सांगतो, आठ आकडी दहा मीटरचा, दहा आकडी एका मीटरचा. ते दहा आकडे लिहितात. नांगराच्या थराच्या खाली मात्र खणत नाहीत. खाली काही हललेलं नसेल, तर ते पुरातत्त्वाचं काम.

त्यांना विचारलं, शेतात पुस्तकाचा तुकडा येतोच कसा? म्हणाले, शहरातला कचरा आणि मैला खत म्हणून शेतावर टाकायचे, त्यातून. उत्तर बरोबर आहे, आणि उत्साहावर पाणी ओतणारंही. एका कडीवरून 'इथे ग्रंथालय होतं' असं म्हणता येत नाही. ती दहा मैलांवरून गाडीतून आलेली असू शकते. पण एकाच गावाभोवती अशा सात-आठ सापडल्या आणि प्रत्येकीचा नेमका आकडा नोंदलेला असला, तर मग विचार करायला काहीतरी हाती लागतं.

लंडनमध्ये थेम्सच्या काठावरच्या चिखलातही कड्या सापडतात. तिथे पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. त्या चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे धातू पिवळाधमक निघतो. आमच्या यॉर्कशरच्या नांगरटीतल्या कड्या हिरव्या, खडबडीत, निम्म्या खाल्लेल्या.

१९ ऑक्टोबर

रिव्हॉक्स. हेल्म्सलीहून चालत गेले. पाऊस नव्हता, हे यॉर्कशरात नोंदवण्यासारखं.

सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाचा मठ, स्थापना ११३२. बाराव्या शतकाच्या अखेरची इथल्या ग्रंथांची यादी टिकून आहे, दोनशेहून जास्त पुस्तकांची. यादी टिकली, पुस्तकं बहुतेक गेली. आणि या पंथाने पुस्तकाच्या कड्यांवर चक्क नियम केला होता: ग्रंथांना सोन्याच्या, चांदीच्या किंवा मुलामा दिलेल्या कड्या लावायच्या नाहीत, आणि त्यांना उंची कापडाचं आवरण घालायचं नाही. अक्षरंही एकाच रंगाची हवीत. नियम करावा लागला, म्हणजे कुणीतरी तसं करत असणार. माझ्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट वेगळी आहे. कडी लावूच नका असं त्यांनी म्हटलेलं नाही. सगळा डामडौल नाकारणाऱ्या माणसांनाही कडीवाचून भागत नव्हतं.

डिसेंबर १५३८ मध्ये हा मठ आठव्या हेन्रीच्या हुकमाने बंद झाला. १५३६ ते १५४० या चार वर्षांत इंग्लंडमधले सगळे मठ गेले. छपराचं शिसं उतरवून वितळवलं, त्याच्या लाद्या पाडल्या, त्यांवर राजाचा शिक्का मारला. त्यातल्या काही लाद्या इथेच कोसळलेल्या भिंतीखाली राहून गेल्या आणि १९२० च्या दशकातल्या सफाईत सापडल्या. ते शिसं मग यॉर्क मिन्स्टर या कॅथेड्रलच्या 'फाइव्ह सिस्टर्स' खिडकीच्या काचा बसवायला वापरलं. त्या खिडकीखालून मी अनेकदा गेलेय.

पुस्तकांचं काय झालं? जॉन बेल हा सुधारणावादी धर्मोपदेशक मठांचा मुळीच चाहता नव्हता. तोसुद्धा १५४९ मध्ये हळहळून लिहितो की मठांच्या वास्तू विकत घेणाऱ्यांनी ग्रंथांची पानं मेणबत्त्यांचे स्टँड घासायला आणि बूट पुसायला वापरली, काही वाण्यांना आणि साबणवाल्यांना विकली, आणि काही जहाजं भरभरून परदेशातल्या बांधणीवाल्यांकडे पाठवली. शौचालयात काय झालं तेही तो लिहितो. एका व्यापाऱ्याने दोन उत्तम ग्रंथालयं चाळीस शिलिंगांना घेतली आणि दहा वर्षं त्यांचा रद्दी म्हणून वापर केला, असंही.

कातडं आणि पानं विकायची तर आधी लाकूड आणि धातू सुटा करायचा. तांबं-पितळ भंगारात जाणार, मुशीत पडणार. म्हणजे आज आपल्या हाती येणाऱ्या कड्या या भंगारवाल्याच्या हातून सुटलेल्या, नाहीतर त्याच्या कितीतरी आधी, पुस्तक रोज वापरात असताना पट्टा तुटून पडलेल्या. दोन्हींत फरक करायचा तर खणताना कुठल्या थरात सापडली ते हवं. शेतातल्या कडीला थर नसतो.

२ नोव्हेंबर

फळ्या तयार. ओकची फळी उभ्या रेषेत चिरलेली घेतली म्हणजे ती कमी वळते. आठ मिलिमीटर जाडी. कडांना आतून थोडा उतार दिला. शिवणीचे दोर फळीत घेण्यासाठी पटाशीने खाचा कोरल्या, दोर त्यातून ओवून लाकडी खुंट्यांनी ठोकले. पानं लावताना केसांची बाजू केसांच्या बाजूला, मांसाची बाजू मांसाच्या बाजूला. समोरासमोरची पानं एका रंगाची दिसतात, जुने लोक हे कटाक्षाने पाळत. जुजबंदी दोन दुहेरी दोरांवर.

९ नोव्हेंबर

पितळी पत्रा आला. अर्धा कडक. हुक वाकवायचा आहे, म्हणून पुण्याला काकांना फोन केला. आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेले.

"तडकणारच," काका म्हणाले. "आधी नरम करून घे. खोलीतला दिवा घालव, नाहीतर लाली दिसत नाही. काळपट लाल झालं की ज्योत बाजूला. आणि गरम असताना पकडीने दाबायला जाऊ नकोस गं, गरम पितळ ठिसूळ असतं."

"बरं."

"पत्र्यावरच्या रेघा बघितल्यास? वाक रेघेला आडवा घे. रेघेबरोबर घेतलास तर नरम करूनही चीर जाईल. कशासाठी चाललंय हे सगळं?"

"पुस्तकाला कडी करतेय, काका."

"पुस्तकाला? मग कुलूपही घाल."

"साखळ्या घालायचे. हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये अजून साखळीतली पुस्तकं आहेत. कण्याची बाजू आत, पानांची बाजू बाहेर, म्हणजे काढताना साखळीला पीळ बसत नाही."

यावर ते बराच वेळ हसले आणि मग कानस कितव्या नंबरची वापरतेस ते विचारलं.

धातूबद्दल एक टीप. माझ्या पत्र्यात ३७ टक्के जस्त आहे. मध्ययुगीन युरोपात जस्त सुटा धातू म्हणून हाताशी नव्हता. तांब्याचे तुकडे, कोळसा आणि कॅलामाइन हे जस्ताचं खनिज बंद मुशीत तापवत, जस्ताची वाफ होऊन ती तांब्यात शिरे. या रीतीने जस्त साधारण तीस टक्क्यांच्या आतच राहतं. सुटं जस्त गाळण्याची विद्या त्या काळी राजस्थानात जावरला होती. म्हणजे माझी कडी जुन्या कडीपेक्षा जरा फिकट आणि जरा कडक असणार. झिजेचा वेग त्यामुळे जुळणार नाही. झिजेची जागा मात्र जुळायला हरकत नाही, आणि मला जागाच हवी आहे.

१६ नोव्हेंबर

कडी क्रमांक एक तयार, अ वरून माप घेऊन. पुढची पट्टी कापली, कानसेने कडा मोडल्या, हुक वाकवला. मागची पट्टी लहान आणि नक्षीशिवाय, कारण ती पुस्तकाच्या बाजूला जाते, कुणी बघत नाही. दोन्हींच्या मध्ये पट्ट्याचं टोक घालून रिवेट ठोकले. ऐरणीवर हातोडीच्या हलक्या टिचक्या, रिवेटचं डोकं पसरेपर्यंत. जोर लावला की पट्टी वाकते.

रिवेट तांब्याचेच घेतले. अस्सल तुकड्यांत कधी कधी लोखंडी असतात, हिरव्या थरात तांबूस ठिपका दिसतो त्यावरून कळतं. ओकमध्ये लोखंडी खिळा ठोकला तर लाकडातल्या टॅनिनने काळे डाग पडतात, ते जुन्या फळ्यांवरही दिसतात.

कडी कुठल्या फळीवरून कुठल्या फळीवर जाते, हे देशाप्रमाणे बदलतं. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये पट्टा वरच्या फळीला, हुक अडकवायची पट्टी खालच्या फळीवर. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये उलट. इटलीत बरेचदा चार कड्या, वरच्या आणि खालच्या कडेलाही. मी इंग्लिश पद्धत घेतली. यात एक परिणाम लगेच लक्षात येतो: खालच्या फळीवरची पट्टी टेबलावर घासणार. म्हणूनच फळ्यांवर घुंड्या ठोकत, पुस्तक आडवं ठेवल्यावर घुंड्यांवर टेकायचं आणि कातडं वाचायचं. पंधराव्या शतकातलं पुस्तक आपल्यासारखं उभं ठेवत नसत. शेतात सापडणाऱ्या घुमटाकार घुंड्यांचे माथे बहुतेक गुळगुळीत झालेले असतात ते यामुळेच.

३० नोव्हेंबर

आज एकाने प्राण्याचं तोंड असलेली छोटी पोकळ नळी आणली आणि हळूच विचारलं, "आल्फ्रेडचं तर नाही ना?" दर हंगामात कुणीतरी विचारतंच.

आल्फ्रेड ज्वेल १६९३ मध्ये सॉमरसेटमधल्या नॉर्थ पेथर्टनजवळ सापडलं. सोनं, स्फटिक, मीनाकाम, आणि कडेने अक्षरं: आल्फ्रेडने मला घडवायला सांगितलं. आज ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमध्ये आहे. खाली प्राण्याचं तोंड, तोंडात नळी, नळीत रिवेट. त्या नळीत एक काडी बसवलेली असावी, आणि ते वाचताना ओळीवर फिरवायचं साधन असावं असा बहुतेकांचा तर्क आहे. कारण आल्फ्रेड राजाने नवव्या शतकाच्या अखेरीस बिशपांना एका ग्रंथाच्या प्रती पाठवल्या, तेव्हा प्रत्येक प्रतीबरोबर पन्नास मॅन्कस (त्या काळचं सोन्याचं परिमाण) किमतीचं असं काही साधन पाठवल्याचं तो स्वतः लिहितो. मिन्स्टर लव्हेल, वॉर्मिन्स्टर, वेमथजवळचं बोलीझ इथेही साध्या बनावटीची अशी रत्नं सापडलीयत. मुख्य म्हणजे ती सगळी सोन्याची.

आजची नळी सोन्याची नव्हती. गृहस्थ निराश झाले नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील.

१४ डिसेंबर

कड्या बसवल्या. दोन, पानांच्या मोकळ्या बाजूला. पट्टा वरच्या फळीत कोरलेल्या खाचेत चिकटवला, वर छोटी पितळी पट्टी, तिच्यातून तीन खिळे आरपार. आतल्या बाजूला खिळ्यांची टोकं वाकवून लाकडात बसवली.

पट्ट्याची लांबी ठरवणं हे सगळ्यात नाजूक काम निघालं. पुस्तक नुसतं मिटलं तर हुक पट्टीपर्यंत पोचत नाही, दोन मिलिमीटर कमी पडतो. तळव्याने फळी दाबली की पोचतो, आणि हात काढला की पानं उसळी घेतात, पट्टा ताणला जातो, हुक घट्ट बसतो. उघडतानाही तसंच: आधी दाबायचं, मग हुक आपोआप सुटतो. हुक ओढून काढायचा नसतो. हे चित्रांत कळत नाही, एकदा दाबून बघितलं की कळतं.

४ जानेवारी

घरात हीटर दिवसभर. हवा इतकी कोरडी की हात फुटलेत. पुस्तक आठवडाभर कडी न लावता ठेवलं होतं: वरची फळी एका कोपऱ्यात बोटभर उचललेली, पानं लाटांसारखी. कडी लावून ठेवलं असतं तर, याची तुलना करायला म्हणून आजपासून उलटा आठवडा.

१२ जानेवारी

कडी लावलेल्या आठवड्यात पानं सपाट राहिली. पुस्तक मग ओलसर खोलीत नेलं. पट्टा तारेसारखा ताठ झाला, फळी दाबल्याशिवाय हुक हलेना.

८ फेब्रुवारी

भिंग, तिरका प्रकाश, माझी कडी आणि शेजारी अ.

माझ्या हुकाच्या आतल्या वाकात एक चकचकीत रेघ उमटलीय, पूर्ण रुंदीला नाही, मधोमध. पट्टीची कड तिथे टेकते. आणि हुकाच्या मागे, सपाट भागावर उभे बारीक ओरखडे, कारण लावताना हुक फळीच्या कडेवरून घसरत जातो. अ वर हुकाचा आतला वाक मधोमध पातळ झालेला आहे, आणि हिरव्या थरामुळे ओरखडे दिसत नसले तरी कड तिथेच गोलाई धरून आहे.

हुक आहे म्हणून लगेच पुस्तक, असं नाही. ट्यूडर काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या सुमारास, कपड्यांचे हुक होते, त्याआधीच्या शतकांत छोटे हुकवाले टॅग होते. पण त्यांना शिवायला भोकं किंवा मागे छोटं गोल कडं असतं. कातडं धरायला दोन पट्ट्या आणि रिवेट नसतात. अ ला रिवेट आहेत, रिवेटच्या मागच्या टोकांवरून मागची पट्टी होती हे दिसतं, पुढच्या पट्टीपासून रिवेटच्या टोकापर्यंत साधारण दोन मिलिमीटर उरतात. दोन पदरी पातळ कातड्याला पुरेसे. रुंद होत गेलेला आकार आणि ठिपक्यांची वर्तुळं पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या कड्यांशी जुळतात. अ पुस्तकाची. मला आता शंका नाही.

ब ला हुक नाही, आणि हुक तुटून गेल्याची जागाही नाही. टोकाची कड सलग, घडवतानाच गोल केलेली. रोजच्या हालचालीत घासलेली, सगळ्या बाजूंनी सारखी. ताणाची एकच अशी दिशा नाही. लटकणारं टोक आहे ते. कमरपट्टा.

१ मार्च

क वर वेळ गेला, आणि मजाही त्यातच आली.

हुकाच्या कड्यांच्या आधी, आणि नंतरही काही काळ त्यांच्या बरोबरीने, दुसरी रीत होती. वरच्या फळीपासून लांब पट्टा निघायचा, पुस्तकाला वळसा घालून मागच्या फळीवर यायचा, आणि तिथे रोवलेल्या धातूच्या खुंटीवर पट्ट्याच्या टोकाचं भोक अडकायचं. क चं भोक तसं असू शकतं. म्हणून एका जुन्या फळीवर खुंटी रोवून, भोकाची पट्टी करून तीही वापरून बघितली. खुंटी भोकाच्या टोकाकडच्या कडेला दाबते, पट्ट्याकडच्या नाही. क मध्ये भोक टोकाकडेच किंचित लांबट झालंय.

पण कमरपट्ट्याच्या टोकाला भोक असेल आणि त्यात काही लटकवलेलं असेल, तर तेही वजन टोकाकडेच ओढणार. दिशा तीच. फरक झिजेच्या रूपात असायला हवा: खुंटी भोकाच्या भिंतीला सरळ घासते, लटकणारं गोल कडं भोकाची वरची-खालची कड गोल करतं. क च्या भोकात भिंत आणि कड दोन्ही गंजाने खाल्लीत. मागचं टोक तुटलंय म्हणून पट्टा किती जाड होता तेही मोजता येत नाही.

शेफील्ड विद्यापीठात २०१६ साली शार्लट हाउसम यांनी मध्ययुगाच्या उत्तरार्धातल्या पुस्तकांच्या धातूच्या भागांवर पीएचडी केली. त्यानंतर असे तुकडे वर्गवार लावणं सोपं झालंय. तरी कुठलंही वर्गीकरण तुटलेल्या टोकाला टोक देऊ शकत नाही. डिटेक्टरवाल्या गृहस्थांना 'पुस्तकाची' हवं होतं, ते साहजिक आहे. कमरपट्ट्याची टोकं ढिगाने सापडतात. मी नोंदीत 'पट्ट्याचा भाग, उपयोग अनिश्चित' असं सुचवलं आणि भोकाचं मोजमाप, झिजेची दिशा, दोन्ही शक्यता सविस्तर लिहिल्या. उद्या कुणाला अशीच न तुटलेली सापडली तर त्याला या नोंदीचा उपयोग होईल. 'पुस्तकाची कडी' असं ठोकून दिलं तर मात्र नकाशावर एक खोटा ठिपका वाढेल, आणि असे खोटे ठिपके पुन्हा पुसायला कुणी बसत नाही.

१५ मार्च

तिन्हींचा मजकूर पाठवला. फोटोंत अ च्या हुकाचा आतून घेतलेला एक जादा फोटो जोडला. असा फोटो नेहमी घ्यावा असं सुचवलंय, कारण समोरून काढलेल्या फोटोत कडीची सगळ्यात बोलकी जागा दिसतच नाही.

ब च्या कातड्याजवळ फिकट हिरवी भुकटी दिसली. क्लोराइडची लागण असावी, ती ओल मिळाली की आतून खात जाते. ब्रशने झाडायची नाही, पाण्याने तर धुवायचीच नाही. सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात घालून संवर्धनवाल्यांकडे दिली, कातड्यासकट. कातडं कोणत्या जनावराचं आणि कसं कमावलेलं ते तपासता आलं तर कमरपट्ट्याचा निष्कर्ष पक्का होईल किंवा मोडेल.

राहिलेलं काम: खालच्या फळीला चार घुंड्या, आणि मागे शिंगाच्या पातळ पापुद्र्याखाली नावाची चिठ्ठी, कडेने पितळी पट्ट्यांनी ठोकलेली. शिंग मिळायला वेळ लागतोय. पट्ट्यांचे खिळे मात्र तयार आहेत.